जनरल द गोल: सेनाधिकारी, राष्ट्राध्यक्ष आणि मतपेटी

१९५८ या एकाच वर्षी दोन देशांत दोन जनरल सत्तेवर आले. ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानात लष्करी कायदा पुकारला गेला आणि महिनाअखेरीस जनरल अयुब खान राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच्या जवळपास पाच महिने आधी, १ जून रोजी, फ्रान्सच्या संसदेने जनरल शार्ल द गोल यांच्या हाती सरकार सोपवले होते. दोघेही साधारण अकरा वर्षे सत्तेवर राहिले आणि दोघेही १९६९ मध्ये, जेमतेम महिन्याभराच्या अंतराने पायउतार झाले. अयुब यांनी जाताना स्वतःच दिलेली राज्यघटना बाजूला सारली आणि सत्ता दुसऱ्या जनरलच्या, याह्या खान यांच्या स्वाधीन केली. द गोल सार्वमतात हरले म्हणून गेले, आणि घटनेत लिहून ठेवल्याप्रमाणे सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, अध्यक्षांनी हंगामी कारभार पाहिला.

लष्करातून आलेला राष्ट्राध्यक्ष म्हटले की आपल्याला शेजारच्या देशांतली नावे आठवतात, आणि त्या आठवणीत गणवेश व लोकशाही यांचे वैर गृहीतच धरलेले असते. द गोल यांची कहाणी या समजुतीत सहज बसत नाही. ती स्वच्छ आणि सरळ आहे असेही कोणी समजू नये, कारण तेही लष्कराच्या बंडाच्या सावलीतच सत्तेवर आले होते. एका सेनाधिकाऱ्याने कायदा मोडून नाव कमावले, बंडाच्या आडून सत्ता मिळवली आणि तरीही देशाला टिकाऊ लोकशाही घटना दिली, हे कसे घडले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. (भारताच्या संदर्भात आपण ‘राष्ट्रपती’ म्हणतो, फ्रान्समधले पद अधिकारांच्या दृष्टीने इतके वेगळे आहे की, गोंधळ टाळण्यासाठी या लेखात ‘राष्ट्राध्यक्ष’ हा शब्द वापरला आहे.)

आज्ञा पाळणारा आणि मोडणारा

द गोल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९० रोजी उत्तर फ्रान्समधल्या लील शहरात, एका श्रद्धाळू कॅथलिक कुटुंबात झाला. वडील शिक्षक होते. सँ-सीरच्या लष्करी अकादमीतून १९१२ मध्ये बाहेर पडल्यावर ते आरास येथील ३३ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये रुजू झाले. तिचे प्रमुख होते कर्नल फिलिप पेताँ. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण द गोल यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा संघर्ष पुढे याच वरिष्ठाशी झाला.

पहिल्या महायुद्धात द गोल तीनदा जखमी झाले. मार्च १९१६ मध्ये व्हेर्दँच्या लढाईत ते जर्मनांच्या हाती लागले आणि युद्ध संपेपर्यंत बत्तीस महिने कैदेत राहिले. या काळात त्यांनी पाच वेळा पळून जाण्याचा प्रयत्न केला आणि पाचही वेळा ते पकडले गेले. सहा फूट चार इंचांच्या आसपास उंची असलेल्या माणसाला लपणे सोपे नव्हतेच. लढाईच्या ऐन काळात हात बांधून बसावे लागल्याची खंत त्यांना आयुष्यभर राहिली.

दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत रणगाड्यांविषयी त्यांनी आग्रहाने लिहिले. रणगाडे पायदळाच्या मागे थोडेथोडे वाटून टाकण्याऐवजी त्यांची स्वतंत्र, वेगवान दले उभी करावीत, त्यासाठी एक लाख पूर्णवेळ सैनिकांची फौज असावी, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रेंच सेनापतींनी ते मनावर घेतले नाही. मे १९४० मध्ये जर्मनीचे रणगाडे नेमके याच पद्धतीने फ्रान्समध्ये घुसले, तेव्हा द गोल यांच्याकडे चौथी चिलखती डिव्हिजन होती. तिची जुळवाजुळवसुद्धा पूर्ण झालेली नव्हती. तरीही १७ मे रोजी मोंकोर्ने येथे त्यांनी प्रतिहल्ला चढवला. त्याने जर्मनांची आगेकूच थांबली नाही, पण पुढे सरसावून लढणाऱ्या मोजक्या फ्रेंच अधिकाऱ्यांत त्यांची गणना झाली. त्यांना ब्रिगेडियर जनरलचा तात्पुरता हुद्दा मिळाला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पंतप्रधान पॉल रेनो यांनी त्यांना संरक्षण खात्यात उपमंत्री केले.

हे मंत्रिपद जेमतेम दहा-बारा दिवस टिकले. १४ जूनला पॅरिस पडले, १६ जूनच्या रात्री रेनो यांनी राजीनामा दिला आणि सरकारची सूत्रे मार्शल पेताँ यांच्याकडे गेली. तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे असलेले पेताँ हे व्हेर्दँचे विजेते म्हणून घराघरांत पूजले जात. त्यांनी जर्मनीकडे शस्त्रसंधी मागण्याचे ठरवले. १७ जूनच्या सकाळी द गोल बोर्दोहून एका छोट्या ब्रिटिश विमानाने लंडनला निघून गेले आणि १८ जूनला बीबीसीवरून त्यांनी फ्रेंच जनतेला उद्देशून भाषण केले. ‘काहीही झाले तरी फ्रेंच प्रतिकाराची ज्योत विझता कामा नये, आणि ती विझणार नाही,’ हे त्यातले वाक्य आज फ्रान्समधले शाळकरी मूलही ओळखते. मात्र त्या रात्री ते फारच थोड्या लोकांनी ऐकले, आणि त्या भाषणाचे ध्वनिमुद्रणही उरलेले नाही.

या घटनेचे कायदेशीर रूप काय होते हे इथे थांबून पाहायला हवे. १० जुलै १९४० रोजी फ्रेंच संसदेने व्हिशी येथे ५६९ विरुद्ध ८० मतांनी पेताँ यांना सर्वाधिकार दिले. म्हणजे संसद, सरकार, सेनापती, शिक्के आणि कागदपत्रे हे सगळे पेताँ यांच्या बाजूला होते. द गोल यांच्याकडे ना पद होते ना फौज. कायद्याच्या भाषेत ते पळून गेलेले सेनाधिकारी होते, आणि ऑगस्टमध्ये लष्करी न्यायालयाने त्यांच्या गैरहजेरीत त्यांना मृत्युदंड सुनावलाही. त्यांचा युक्तिवाद वेगळ्या पातळीवर होता. ज्या सरकारने देश शत्रूच्या ताब्यात दिला त्याची आज्ञा कागदावर कितीही नियमाला धरून असली, तरी तिच्यामागे राष्ट्राचा अधिकार उरत नाही, असे ते म्हणत. कायदेशीरपणा ही एक गोष्ट आणि अधिकाराचे अधिष्ठान ही दुसरी. हा फरक समजला की त्यांचे पुढचे सगळे आयुष्य समजते. त्यातली अडचणही समजते. आज्ञा मोडण्याचा हक्क एका जनरलने एकदा स्वतःकडे घेतला, तर उद्या दुसऱ्या जनरलला तो कोणत्या तोंडाने नाकारायचा? वीस वर्षांनी हा प्रश्न त्यांच्यासमोर जसाच्या तसा उभा राहणार होता.

सुरुवातीला त्यांच्या बाजूला आल्या त्या दूरच्या वसाहती. आफ्रिकेतल्या चाडचे कृष्णवर्णीय गव्हर्नर फेलिक्स एबुए ऑगस्ट १९४० मध्ये त्यांना मिळाले. भारतातल्या पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम आणि चंद्रनगर या फ्रेंच वसाहतींनीही सप्टेंबरमध्ये द गोल यांच्या ‘स्वतंत्र फ्रान्स’ चळवळीची बाजू घेतली. चर्चिल आणि रूझवेल्ट यांच्याशी झगडत, रुसत, प्रसंगी त्यांना संतापवत द गोल यांनी चार वर्षांत या मूठभर लोकांच्या चळवळीचे हंगामी सरकार केले. २५ ऑगस्ट १९४४ रोजी मुक्त झालेल्या पॅरिसच्या नगरभवनात सहकाऱ्यांनी त्यांना विनंती केली की, सज्जात जाऊन प्रजासत्ताकाची घोषणा करावी. त्यांनी नकार दिला. प्रजासत्ताक कधी संपलेच नव्हते, मग ते पुन्हा कशाला घोषित करायचे, असे त्यांचे उत्तर होते. पेताँ यांच्या व्हिशी राजवटीचा कारभार त्यांनी मुळापासून अवैध मानला होता, आणि नगरभवनातली ती एक छोटी नकारघंटा त्यांची सारी भूमिका सांगून जाते.

याच हंगामी सरकारने एप्रिल १९४४ मध्ये फ्रेंच स्त्रियांना मताधिकार दिला. १९४५ मध्ये पेताँ यांना देशद्रोहाबद्दल मृत्युदंड झाला, तेव्हा द गोल यांनी आपल्या जुन्या कर्नलची शिक्षा जन्मठेपेत बदलली.

बारा वर्षांची वाट

युद्ध संपल्यावर पक्षांचे राजकारण पुन्हा सुरू झाले आणि द गोल त्यात रमले नाहीत. नव्या घटनेत संसद सर्वशक्तिमान आणि राष्ट्राध्यक्ष नामधारी असणार हे दिसू लागले, तेव्हा २० जानेवारी १९४६ रोजी, एका रविवारी, त्यांनी मंत्र्यांना बोलावून थोडक्या शब्दांत राजीनामा सांगितला आणि ते निघून गेले. त्यांच्या हातात तेव्हा देशाची कृतज्ञता होती, सैन्याचा मान होता, आणि त्यांनी बळाने सत्ता धरून ठेवली असती तर अडवणारे फार नव्हते. त्यांच्या टीकाकारांनीही ही गोष्ट मोकळ्या मनाने मान्य करायला हवी, असे मला वाटते.

त्याच वर्षी जूनमध्ये बायो गावी केलेल्या भाषणात त्यांनी आपल्या मनातली राज्यव्यवस्था मांडली: पक्षांच्या वर असलेला राष्ट्राध्यक्ष, त्याने नेमलेले सरकार आणि कायदे करणारी संसद. कोणी ऐकले नाही. नव्या घटनेने आलेल्या या चौथ्या प्रजासत्ताकात बारा वर्षांत वीसहून अधिक सरकारे आली आणि पडली. आघाडीतला एखादा छोटा पक्ष रुसला की मंत्रिमंडळ कोसळे, हे आपल्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. द गोल या काळात कोलोम्बे-ले-दोझ-एग्लिझ या खेड्यातल्या घरी लेखन करत राहिले.

या घराची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. त्यांची धाकटी मुलगी आन हिला जन्मतः डाउन सिंड्रोम होता. त्या काळी अशी मुले संस्थांमध्ये ठेवून देण्याची पद्धत होती. द गोल पती-पत्नींनी तिला कायम आपल्याजवळ ठेवले. एरवी कोणाला जवळीक करू न देणारा हा ताठ माणूस तिच्यासाठी गाणी म्हणायचा, तिच्याशी खेळायचा. आन १९४८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी न्यूमोनियाने गेली. तिच्यासारख्या मुलींसाठी या दांपत्याने तिच्या नावाने संस्था सुरू केली होती, आणि ती आजही काम करते.

बंदुकीच्या सावलीत

त्यांना परत आणले अल्जीरियाने. १८३० पासून फ्रान्सच्या ताब्यात असलेला हा प्रदेश कायद्याने वसाहत नव्हता, फ्रान्सचेच जिल्हे मानला जाई. सुमारे दहा लाख युरोपीय तिथे पिढ्यान् पिढ्या राहत होते आणि सुमारे नव्वद लाख मुस्लिम रहिवासी बरोबरीच्या हक्कांपासून वंचित होते. १ नोव्हेंबर १९५४ रोजी स्वातंत्र्यलढा पेटला आणि फ्रान्सने तिथे चार लाखांहून अधिक सैनिक उतरवले, त्यांत सक्तीच्या भरतीतले वीस-बावीस वर्षांचे तरुण मोठ्या संख्येने होते.

१३ मे १९५८ रोजी अल्जिअर्समधल्या युरोपीय जमावाने सरकारी इमारत ताब्यात घेतली आणि लष्करातल्या वरिष्ठांनी त्यांची साथ केली. पॅरिसमधले नवे सरकार अल्जीरिया सोडून देईल, अशी त्यांना भीती होती. २४ मे रोजी बंडखोर छत्रीधारी सैनिकांनी कॉर्सिका बेट घेतले. पॅरिसवर उतरण्याची योजनाही तयार होती. या सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होते, द गोल. द गोल यांनी बंडाला उघड चिथावणी दिली नाही आणि त्याचा स्पष्ट निषेधही केला नाही. ‘सदुसष्टाव्या वर्षी मी हुकूमशहाची कारकीर्द सुरू करीन असे कोणाला वाटते का?’ असे त्यांनी पत्रकारांना विचारले. शेवटी राष्ट्राध्यक्ष रने कोती यांनी त्यांना पाचारण केले आणि १ जून रोजी राष्ट्रीय सभेने, म्हणजे तिथल्या लोकसभेने, ३२९ विरुद्ध २२४ मतांनी त्यांची निवड केली.

प्रक्रिया नियमाप्रमाणे पार पडली. पण दारात बंदूक उभी असताना झालेले मतदान किती मोकळे मानायचे, हा विरोधकांचा प्रश्न योग्यच होता, आणि माझ्या मते तो डाग पुसला गेलेला नाही. फरक पडला तो त्यानंतर त्यांनी काय केले यामुळे. संसदेने त्यांना घटना लिहिण्याचा अधिकार देताना काही अटी घातल्या होत्या: सत्तेचा उगम सार्वत्रिक मताधिकारातच असावा, सरकार संसदेला जबाबदार असावे, न्यायसंस्था स्वतंत्र असावी. त्या अटी त्यांनी पाळल्या आणि मसुदा लोकांपुढे मतदानाला ठेवला. २८ सप्टेंबर १९५८ च्या सार्वमतात फ्रान्समधल्या सुमारे ८० टक्के मतदारांनी तो मान्य केला.

पाचव्या प्रजासत्ताकाची रचना

द गोल यांच्या घटनेने आलेल्या व्यवस्थेला पाचवे प्रजासत्ताक म्हणतात. ही घटना समजून घेण्याची सोपी वाट म्हणजे ती आपल्या घटनेशेजारी ठेवून पाहणे. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष पंतप्रधान नेमतो, मंत्रिमंडळाच्या बैठकीचे अध्यक्षस्थान स्वीकारतो, राष्ट्रीय सभा विसर्जित करू शकतो आणि काही विषय थेट सार्वमताला घालण्याचा निर्णय घेऊ शकतो. तरीही पंतप्रधानाला राष्ट्रीय सभेचा विश्वास लागतोच. म्हणजे ही अमेरिकेसारखी पूर्ण अध्यक्षीय पद्धत नाही आणि ब्रिटनसारखी संसदीयही नाही, या दोन्हींचा सांधा आहे.

सरकारे वारंवार पडू नयेत म्हणून या घटनेत काही खुंट्या पक्क्या ठोकल्या आहेत. आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत आमदार किंवा खासदार व्हावेच लागते. तिथे मंत्री झालेल्याला संसदेतली जागा सोडावी लागते, त्यामुळे सरकार पाडून आपणच मंत्री होण्याचा मोह कमी होतो. आपल्याकडे अविश्वास ठरावाला हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत पुरते. तिथे एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते आणि फक्त ठरावाच्या बाजूची मते मोजली जातात, म्हणजे जो गैरहजर राहिला तो आपोआप सरकारच्या बाजूने धरला जातो. सरकार एखादे विधेयक आपल्या अस्तित्वाशी जोडूही शकते. मग अविश्वास ठराव मंजूर झाला नाही तर ते विधेयक मतदानाशिवाय संमत होते. २०२३ मध्ये निवृत्तीचे वय वाढवणारा कायदा याच वाटेने आला आणि रस्त्यांवर मोठा असंतोष उसळला.

सर्वांत वादग्रस्त आहे ते सोळावे कलम. देशावर गंभीर आणि तातडीचे संकट असताना राष्ट्राध्यक्ष त्या कलमाखाली जवळजवळ सर्व अधिकार स्वतःकडे घेऊ शकतो. त्याला पंतप्रधान, दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष आणि घटना परिषद (कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणारी संस्था) यांचे मत विचारावे लागते, पण निर्णय त्याचा एकट्याचा असतो. आपल्याकडे १९७५ च्या अनुभवानंतर आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा झाला, हे लक्षात घेतले तर हा अधिकार किती मोठा आहे ते कळेल. ते कलम आजवर एकदाच वापरले गेले.

डिसेंबर १९५८ मध्ये द गोल राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडले गेले, ते मात्र थेट जनतेकडून नव्हे. खासदार, महापौर, नगरसेवक अशा सुमारे ८० हजार लोकप्रतिनिधींच्या निर्वाचक मंडळाने त्यांना निवडले. योगायोग असा की, अयुब खान यांनीही थोड्याच काळात ८० हजार ‘बेसिक डेमोक्रॅट्स’चे, म्हणजे स्थानिक पातळीवर निवडून आलेल्या प्रतिनिधींचे, असेच निर्वाचक मंडळ उभे केले. पुढचे वळण इथून वेगळे होते.

एप्रिल १९६१ ची रात्र

ज्यांनी द गोल यांना सत्तेवर आणले त्यांना अल्जीरिया फ्रान्समध्येच ठेवायचा होता. द गोल यांचे मत हळूहळू दुसरीकडे वळले. हे युद्ध लष्करी बळावर रेटता येईल, पण त्यातून फ्रान्सचेच रक्त आटेल, हे त्यांना कळले. सप्टेंबर १९५९ मध्ये त्यांनी अल्जीरियाच्या स्वयंनिर्णयाचा हक्क जाहीर केला आणि जानेवारी १९६१ च्या सार्वमतात ७५ टक्के मतदारांनी त्याला मान्यता दिली. लष्करातल्या एका गटाला हा विश्वासघात वाटला. २१ एप्रिलच्या रात्री शाल, सालाँ, जुओ आणि झेलेर या चार जनरलांनी अल्जिअर्समध्ये बंड पुकारले. फ्रेंच लष्करातल्याच परकीय सैनिकांच्या छत्रीधारी रेजिमेंटने शहर ताब्यात घेतले आणि पॅरिसमध्ये विमानातून फौजा उतरण्याची भीती पसरली.

जुना प्रश्न आता दारात येऊन उभा होता. बंडखोरही तेच म्हणत होते, जे १९४० मध्ये द गोल म्हणाले होते: सरकार राष्ट्राला दगा देते आहे, म्हणून आम्ही आज्ञा मोडतो.

रविवारी २३ एप्रिलला रात्री आठ वाजता द गोल दूरचित्रवाणीवर आले ते जनरलच्या गणवेशात. त्यांनी बंडखोरांना ‘निवृत्त जनरलांचे टोळके’ म्हटले आणि प्रत्येक फ्रेंच माणसाला, आणि सर्वप्रथम प्रत्येक सैनिकाला, त्यांचा कोणताही हुकूम पाळण्यास मनाई केली. शेवटी ते म्हणाले, ‘फ्रेंच स्त्रियांनो, फ्रेंच पुरुषांनो, मला मदत करा!’ अल्जीरियातल्या छावण्यांमध्ये हे शब्द पोहोचले ते छोट्या ट्रान्झिस्टर रेडिओंवरून. बॅटरीवर चालणारा हा रेडिओ तेव्हा नुकताच सामान्य माणसाच्या हाती आला होता आणि घरापासून दूर पडलेल्या सक्तीच्या भरतीतल्या तरुणांची ती आवडती वस्तू होती. पूर्वी सैनिकापर्यंत जे काही पोहोचे ते त्याच्या अधिकाऱ्याच्या तोंडून. आता खाटेवर बसलेला शिपाई राष्ट्राध्यक्षाचा आवाज मधल्या सगळ्या हुद्द्यांना ओलांडून स्वतः ऐकत होता. ठिकठिकाणी तरुण सैनिकांनी बंडखोर अधिकाऱ्यांचे हुकूम ऐकायचे नाकारले. चार दिवसांत बंड कोसळले. सोळावे कलम मात्र त्या २३ एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत लागू राहिले, आणि संकट टळल्यावरही ते इतके लांबवणे मला समर्थनीय वाटत नाही.

१९४० चा आज्ञाभंग आणि १९६१ चा आज्ञाभंग यांत फरक कुठे होता? १९४० मध्ये देश शत्रूच्या ताब्यात होता आणि लोकांना विचारण्याची सोयच उरलेली नव्हती. १९६१ मध्ये तीनच महिन्यांपूर्वी लोकांना विचारले गेले होते आणि त्यांनी उत्तर दिले होते. द गोल यांच्याकडे असलेले हे एकच खरे उत्तर होते, आणि ते त्यांच्या हुद्द्यातून आलेले नव्हते.

मार्च १९६२ मध्ये एव्हियाँ येथे करार झाला आणि जुलैमध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. या शेवटाची किंमत भयंकर होती आणि ती लपवून द गोल यांचे मोठेपण सांगता येणार नाही. १७ ऑक्टोबर १९६१ च्या रात्री खुद्द पॅरिसमध्ये पोलिसांनी शांततेने निघालेल्या अल्जीरियन निदर्शकांची कत्तल केली आणि सरकारने ती दडपली. फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या हार्की या अल्जीरियन सैनिकांपैकी बहुतेकांना मागे सोडून देण्यात आले, आणि त्यांतले हजारो सूडात मारले गेले. सुमारे आठ लाख युरोपीय त्या एका वर्षात सामान बांधून समुद्रापार आले.

आपल्याशी जोडलेला एक धागाही याच काळात सुटला. पाँडिचेरीचा ताबा १९५४ मध्येच भारताकडे आला होता, पण हस्तांतराचा करार फ्रेंच संसदेत अडून राहिला होता. अल्जीरियाचा प्रश्न सुटल्यावर संसदेने त्याला मान्यता दिली आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी हे प्रदेश कायद्यानेही भारताचे झाले.

थेट निवडणूक

त्यानंतर सहाच दिवसांनी, २२ ऑगस्टला, पॅरिसजवळच्या प्ती-क्लामार येथे द गोल यांच्या मोटारीवर शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या. पत्नी आणि जावई गाडीत होते. टायर फुटले, काच फुटली, चालकाने गाडी तशीच पळवली आणि कोणालाही इजा झाली नाही. कटाचा सूत्रधार हवाई दलातला लेफ्टनंट कर्नल होता.

हल्ल्यानंतर द गोल यांनी एक विचार पुढे रेटला. आपल्यामागून येणाऱ्या राष्ट्राध्यक्षाकडे १८ जूनची पुण्याई नसेल, म्हणून त्याला अधिकार थेट जनतेच्या मतातून मिळायला हवा. फ्रान्समध्ये या कल्पनेला जुना धाक होता. १८४८ मध्ये जनतेने थेट निवडलेला पहिला राष्ट्राध्यक्ष लुई-नेपोलियन बोनापार्त याने तीनच वर्षांत सत्ता बळकावली आणि तो सम्राट झाला होता. शिवाय द गोल यांनी घटनादुरुस्तीची नेहमीची वाट, दोन्ही सभागृहांची मंजुरी, टाळून प्रस्ताव सरळ सार्वमताला नेला. बहुतेक कायदेपंडितांनी हे घटनाबाह्य ठरवले. राष्ट्रीय सभेने ५ ऑक्टोबरला सरकारवर अविश्वास ठराव मंजूर केला, द गोल यांनी सभा विसर्जित केली आणि २८ ऑक्टोबरला ६२ टक्के मतदारांनी बदल स्वीकारला. पुढे घटना परिषदेने सांगितले की, जनतेने स्वतः मंजूर केलेल्या कायद्याची तपासणी करण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्या अविश्वास ठरावानंतर तिथे दुसरे सरकार अशा ठरावाने पडले ते थेट डिसेंबर २०२४ मध्ये.

आपल्या घटनेत राष्ट्रीय सार्वमताची तरतूदच नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित ठेवावा यासाठी १६ जानेवारी १९६७ ला झालेला जनमत कौल गोव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. त्यासाठी संसदेला वेगळा कायदा करावा लागला होता. द गोल यांच्या हातात हे साधन कायमचे होते आणि ते प्रत्येक वेळी त्याला आपले पद बांधत: प्रस्ताव नाकारलात तर मी जाईन. एका परीने हा मतदारावर दबाव होता. प्रश्न कायद्याचा असे आणि उत्तर माणसाबद्दल द्यावे लागे. तरी या गाठीचे दुसरे टोक त्यांच्याच गळ्यात होते.

डिसेंबर १९६५ च्या पहिल्या थेट निवडणुकीत त्यांना पहिल्या फेरीत ४५ टक्केही मते मिळाली नाहीत आणि डाव्यांचे उमेदवार फ्रान्स्वा मितराँ यांच्याविरुद्ध दुसरी फेरी लढवावी लागली. ती त्यांनी ५५ टक्क्यांनी जिंकली. याच मितराँ यांनी या राज्यपद्धतीवर पुस्तक लिहून कडाडून टीका केली होती, आणि १९८१ पासून चौदा वर्षे त्यांनी तीच घटना वापरून कारभार केला.

जाणे

अण्वस्त्रे, जर्मनीशी मैत्रीचा करार, कम्युनिस्ट चीनला मान्यता, नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून माघार, ब्रिटनला युरोपीय बाजारपेठेत येण्यास दोनदा नकार: परराष्ट्र धोरणातली ही यादी मोठी आहे आणि तिला स्वतंत्र लेख लागेल. मे १९६८ मध्ये विद्यार्थी आणि कामगारांच्या उठावाने देश ठप्प झाला. द गोल यांना हा तरुण फ्रान्स ओळखीचा वाटेना. २९ मे रोजी ते कोणालाही न सांगता जर्मनीतल्या बाडेन-बाडेन येथे, तिथल्या फ्रेंच सैन्याचे प्रमुख जनरल मासू यांना भेटायला गेले. दुसऱ्या दिवशी परतून त्यांनी रेडिओवर भाषण केले आणि नव्या निवडणुका जाहीर केल्या. त्यांच्या पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले. आणीबाणीच्या सोळाव्या कलमाला मात्र त्यांनी या वेळी हात लावला नाही.

ते तिथेच थांबू शकले असते. मुदत जानेवारी १९७३ पर्यंत होती. तरीही त्यांनी प्रादेशिक परिषदा आणि सिनेटची फेररचना हा रूक्ष विषय सार्वमताला ठेवला आणि हरलो तर जाईन असे पुन्हा सांगितले. २७ एप्रिल १९६९ रोजी ५२.४ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले. मध्यरात्रीनंतर कोलोम्बेहून दोन वाक्यांचे निवेदन आले: ‘मी प्रजासत्ताकाच्या अध्यक्षपदाचे काम थांबवत आहे. हा निर्णय आज दुपारी बारा वाजता अमलात येईल.’

राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादात राहत असताना ते आपल्या खासगी वापराच्या विजेचे पैसे स्वतः भरत असत. ९ नोव्हेंबर १९७० च्या संध्याकाळी कोलोम्बेच्या घरात पत्त्यांचा डाव मांडून बसलेले असताना ते अचानक गेले. सरकारी इतमाम नको, राष्ट्राध्यक्ष आणि मंत्री नकोत, भाषण नको, वाद्ये नकोत, असे त्यांनी १९५२ मध्येच लिहून ठेवले होते. जगभरचे राष्ट्रप्रमुख पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चमध्ये जमले, आणि त्याच दिवशी कोलोम्बेच्या छोट्या दफनभूमीत गावच्या तरुणांनी शवपेटी खांद्यावरून नेऊन त्यांना आनच्या शेजारी ठेवले. दगडावर त्यांच्या सांगण्याप्रमाणे फक्त नाव आणि दोन साले कोरली आहेत.